स्क्रीनवर घोंगडी

गाडी घेतली तेव्हा तिच्या स्क्रीनचं सगळ्यात जास्त कौतुक मलाच होतं. शेंद्र्याच्या कंपनीत अकरा वर्षं मोटारसायकलवर ये-जा केल्यावर माणसानं एवढी हौस केली तर बिघडलं कुठे? स्क्रीन जेवणाच्या ताटाएवढी. गाणी तिच्यात, नकाशा तिच्यात, एसीसुद्धा तिच्यातच. दिवेलागण झाली की मात्र तिचा उजेड डोळ्यांत घुसायचा आणि समोरचा रस्ता काळाठिक्कर व्हायचा. नाकापेक्षा मोती जड झालाय, असं बायको म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

दर शनिवारी कामावरून सुटलो की आईला भेटायला गावी जातो. पाचोडच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की रस्ता अरुंद होतो, आणि त्याच वेळी माझे चुलते मेंढरं घेऊन घराकडे परतत असतात. आमचं घराणंच मेंढरांचं, मी तेवढा कंपनीत गेलो. मागच्या हिवाळ्यात त्या रस्त्यावर माझ्या स्क्रीनवर एक चौकट उगवली. काहीतरी मान्य आहे का, असं विचारत होती. ती घालवायला मी बोट लावलं. मान वर केली तर काहीच दिसेना, आणि मग एकदम मेंढरांच्या पाठीच दिसल्या. करकचून ब्रेक लावला. एका मेंढीला बंपर लागलाच. ती पडली, उठली आणि लंगडत कळपात शिरली.

काका काठी टेकत खिडकीशी आले.

"काय बघत व्हतास रं?"

"अंधार होता, काका."

"अंधार मला बी व्हता," ते म्हणाले आणि मेंढीचा पाय चाचपायला गेले.

मी खोटं बोललो होतो आणि त्यांना ते कळलं होतं. पुढच्या शनिवारपासून त्यांनी नवीनच सुरू केलं. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, काठी आडवी धरून ते थांबवायचे आणि मेंढरं त्याच्यासमोरून न्यायचे. माझी गाडी आली की मात्र कळपच रस्त्याखाली उतरवून धरायचे. मी गेल्यावर मग पलीकडे जायचे. लहानपणी ज्यांनी मला खांद्यावर बसवून माळ फिरवला, त्यांचा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. ते फार लागलं मला.

मग मी हट्टाला पेटलो. शोरूममध्ये गेलो, तर सवय होईल म्हणून सांगितलं. माझ्या पोरीनं स्क्रीनवरच्या कुठल्या कुठल्या खिडक्या उघडून उजेड कमी करून दिला, पण गाडी पुन्हा चालू केली की पहिले पाढे पंचावन्न. टॉवेल टाकला, तो घसरला. ब्लाउजपीस बांधलं, त्यातून उजेड गाळून आला. क्रांती चौकाजवळच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात स्क्रीनला झाकण मागितलं, तर दुकानदार पोट धरून हसला. म्हणाला, "लोगां बडी लगाने को आते, तुम ढाकने को आए." हसू दे. मी काही सोडणार नव्हतो.

शेवटी कपाटातून घोंगडी काढली. काकांनीच लग्नात दिलेली, त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर. चांगल्या घोंगडीला कात्री लावली म्हणून बायकोनं मला फैलावर घेतलं, आणि मग स्वतःच कडा शिवून मागे इलॅस्टिक लावून दिलं. तेव्हापासून नियम एकच. एसी काय तो निघतानाच लावायचा आणि मग वर घोंगडी. फोन वाजला तर वाजू दे. पोरं गाण्यांसाठी कुरकुरली, त्यांना तोंडानं म्हणायला सांगितलं.

पहिल्याच शनिवारी मेंढरांचे चमकणारे डोळे मला कितीतरी लांबून दिसले. मी अलीकडेच गाडी थांबवली. काकांनी नेहमीसारखा कळप खाली उतरवलेला होता. मी थांबलोय हे पाहून ते जवळ आले. खिडकीतून वाकून त्यांनी आत पाहिलं, हात लांब करून घोंगडी चिमटीत धरली. आपली लोकर त्यांनी लगेच ओळखली.

"आता दिसतंय का?"

"दिसतंय, काका. मघा लांबूनच दिसलात."

ते गाडीपुढे गेले, माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि त्यांनी मेंढरांना हाळी दिली.