मी न स्वीकारलेला फ्रिज

मी काहीच केलं नाही, एवढीच माझी चूक.

सरकारी कारकुनीत केस पांढरे झालेल्या माणसाला काही न करणं ही चूक वाटतच नाही; ते त्याचं हत्यार असतं. माल पसंत नसला तर आम्ही नाही म्हणत नाही. पोचपावतीवर सही करत नाही, बस्स. मग दुकानदार हेलपाटे घालून रडकुंडीला येतो आणि माल बदलून देतो.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात लशी ठेवायचा फ्रिज यंदा सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून आला, कुठल्या तरी लांबच्या राज्यातून. चालू केला तर आवाज पिठाच्या गिरणीचा आणि आत हवा चैत्रातली. मी निवांत, सही न करता बसलो. येतंय की झक मारत, म्हटलं. कुणी आलं नाही. दहा दिवसांनी पोर्टलवर हिरवी अक्षरं उमटली: माल स्वीकारला. खाली माझं नाव. तेवढ्या मुदतीत तक्रार केली नाही, तर ते यंत्र आपल्या वतीनं आपणच होकार देतं. प्रशिक्षणात हे सांगितलं होतं म्हणे. त्या दिवशी माझं लक्ष जेवणात काय आहे याकडे होतं.

जुना फ्रिज मीच उत्साहानं भंगारात काढला होता. तेवढ्यात गडमुडशिंगीच्या बाजूला लाळ्या-खुरकुताची कुणकुण लागली. लशीची गाडी आली आणि गार जागा नाही म्हणून तशीच पुढं गेली.

"आता हितल्या म्हशींना काय तुमची सही टोचू?" डॉक्टरसाहेब कडाडले. "एकदा लाळ गळायला लागली, की लस म्हणजे वरातीमागनं घोडं!"

मी मदतकेंद्राला फोन लावत सुटलो. तिथली यंत्रातली बाई माझ्या तक्रारीला फार मोलाची म्हणायची आणि फोन तुटायचा. कंपनीचा माणूस एकदाच सापडला. "आपने ही तो एक्सेप्ट किया है, सर." मी कळवळून सांगितलं, "अहो पावणं, मी न्हाय, मशीननं केलंय." तो हसला. त्याच्या जागी मीही हसलो असतो.

दवाखान्याच्या दारात माणसं उभी राहायची. "लस कवा येणार?" या एका प्रश्नाच्या भीतीनं मी मागच्या बाजूनं, शेणाच्या ढिगावरून उडी मारून आत जायला लागलो. दोनदा उडी कमी पडली.

शेवटी जे सुचलं ते केलं. बायको जत्रेला माहेरी, गडमुडशिंगीला गेली होती. शाहूपुरीतल्या आमच्या घरातला फ्रिज मी रिकामा केला, दही-लोणी शेजारी दिलं, टेम्पो बोलावला आणि फ्रिज दवाखान्यात नेऊन उभा केला. साहेबांनी दिवसभर आत थर्मामीटर ठेवून पाहिला आणि गाडीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी लस आली. कितीतरी दिवसांनी मी पुढच्या दारानं बाहेर पडलो.

घरी आलो तर बायको परतलेली. स्वयंपाकघरात फ्रिजच्या मोकळ्या जागेसमोर पिशवी हातात धरून उभी. मी घडाघडा सगळं सांगत सुटलो. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली.

"फ्रिजचं बघू मागनं," ती म्हणाली. "दादाची म्हस कालपासनं लाळ गाळतीया. वैरणीला तोंड लावंना. तुमची लस चालती व्हय आता तिला?"