हत्तीखान्याचं खत

देवासच्या हत्तीखान्यात तीन हत्ती होते आणि तिघांची मिळून रोज गाडीभर लीद निघे. शेणासारख्या तिच्या गोवऱ्या थापता येत नसत. वाळली की काड्या काड्या होऊन विस्कटे. म्हणून नोकर ती मागच्या ओढ्याच्या काठावर नेऊन टाकत. या लिदीकडे पहिल्यांदा लोभानं पाहिलं ते जानकीबाईनं, विठोबा माहुताच्या बायकोनं.

साल असेल १९०६च्या सुमाराचं. विठोबाच्या वडिलांना दरबाराकडून टेकडीपलीकडे सहा बिघे जमीन मिळाली होती. ती सगळी बरड. माती तांबूस आणि उथळ, मुठीत घेतली की वाळूसारखी निसटणारी. पावसात वाहून जायची, उघडीप पडली की दगडासारखी व्हायची. गहू गुडघ्याएवढा वाढला की विठोबा म्हणे, "यंदा बरा आहे." त्या 'बरा'चा जानकीबाईला फार राग येई. तिचं माहेर कन्नौदकडचं, काळ्याभोर भुईचं. भरलेली ओंबी कशी असते ते तिला माहीत होतं.

"दोन बैलांचं शेण चुलीलाच पुरत नाही," ती एकदा म्हणाली, "शेतात काय घालू?"

"माझ्या चंचलचं घाल की," विठोबा हसत म्हणाला. चंचल म्हणजे तो सांभाळत असलेली हत्तीण.

त्यानं थट्टा केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बैलगाडी घेऊन हत्तीखान्याच्या दारात उभी! तिथले जमादार प्रतापराव उलट खूश झाले. "न्या वहिनी, सगळी न्या. ओढ्याचा काठ तरी मोकळा होईल."

गाडी शेताच्या वाटेला लागली तेव्हा शेजारच्या शेतातून उमाशंकर पटेल ओरडले, "ओ भाभी, हाथी को खात! गऊं में सूंड निकळेगी कई?" बांधावरची सगळी माणसं हसली. जानकीबाईही हसली, पण गाडी थांबवली नाही.

त्या वर्षी गव्हाला सोंड आली नाही आणि धड ओंबीही आली नाही. रोपं पिवळी पडली, मुळांशी वाळवी लागली. लीद तशीच्या तशी मातीत पडून होती. त्या दिवशी जेवताना विठोबानं स्वतःच्या पानातली भाकरी तिच्या पानात सरकवली. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

चार दिवसांनी ती ओढ्यावर गेली. जुना ढीग खुरप्यानं उकरत राहिली. वरची लीद कोरडी, काडीकाडी दिसणारी. हातभर खाली मात्र, जिथं हत्तींच्या अंघोळीचं पाणी मुरत होतं आणि वडाची पानं कुजत होती, तिथं ती काळी, मऊ झालेली. मुठीत दाबली तर गोळा झाला. नाकाशी नेली तर जंगलातल्या भुईचा वास.

घरी येऊन ती म्हणाली, "अहो, मी जमिनीला कच्चं वाढलं. शिजवून वाढायला हवं होतं."

उन्हाळ्यात दोघांनी बांधाशी चार खड्डे खणले. लिदीचा एक थर, त्यावर पळसाची-कडुनिंबाची पानं, मग गोठ्यातली मुताची माती आणि चुलीची राख. पाणी लागायचं, म्हणून विठोबा चंचलला अंघोळीनंतर शेताकडे घेऊन येई. तिच्या पाठीवर लादून आणलेल्या पखालींतलं पाणी तो तिला सोंडेनं खड्ड्यात सोडायला लावी. कधी ती निम्मं जानकीबाईच्या अंगावर उडवी. मग दोघं हसत सुटत आणि हत्तीण कान हलवत उभी राही.

महिन्यानं खड्डा उलथताना वाफ निघाली. विठोबानं आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं, ही तर चूल आहे!"

"मग? शिजतंय!"

दुसऱ्या वर्षी फरक थोडाच पडला. तिसऱ्या वर्षी नांगराच्या तासात गांडुळं दिसली, आणि जानकीबाई ती मोजत बसली. एकोणतीस. घरी आल्यावर तिनं आकडा विठोबाला सांगितला, शेजारणीला सांगितला, देवळात पुजाऱ्यालाही सांगितला.

चौथ्या वर्षी मावठा, हिवाळ्यातला पाऊस, आलाच नाही. पौषात आजूबाजूचा गहू करपू लागला. टेकडीपलीकडचे सहा बिघे मात्र हिरवेगार. उमाशंकर पटेल बांधावर आले, उकिडवे बसले आणि बोटानं माती उकरू लागले. वीतभर खाली ओल लागली.

"भाभी, यो पाणी कठे से आयो?"

"कुठूनही नाही, पटेल. पाऊसकाळाचंच आहे. जमिनीनं धरून ठेवलंय."

पटेलांनी हातातलं ढेकूळ फोडून पाहिलं. मग टोपी काढून म्हणाले, "म्हने भी सिखाव दो." जानकीबाईला तीन वर्षांपूर्वीचं सोंडेचं बोलणं आठवलं असणार. पण ती म्हणाली, "चला, खड्डे दाखवते," आणि पुढे निघाली.

खळं झालं तेव्हा तिनं शेतावरच नव्या गव्हाच्या कणकेचे बाफले केले, उकडून, भाजून, तुपात बुडवून. पटेलांच्या घरची मंडळी आली, प्रतापराव आले. विठोबानं एक मोठा बाफला वेगळा काढून चंचलला नेऊन दिला.

दोन वर्षांत लिदीला एवढी गिऱ्हाइकं झाली की प्रतापरावांना पाळ्या लावाव्या लागल्या. जानकीबाईच्या वाट्याला आठवड्यातला फक्त गुरुवार आला.

"मी सुरू केलं, आणि मला एकच दिवस?" तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"काय करू वहिनी, हत्ती तीनच आहेत."

ती हसली. मग तिनं बैलांना चुचकारलं आणि गाडी घोड्यांच्या पागेकडे वळवली.