खिडकीचं अंडं

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत श्रीपती शिपाई होता. दरवर्षी प्रॅक्टिकलच्या दिवशी तो तीन दिवस उबवलेल्या अंड्यांच्या कवचाला खिडकी पाडून द्यायचा. आत टाचणीच्या डोक्याएवढं लाल हृदय धडधडत असायचं. मुलं मिनिटाचे ठोके मोजून वहीत लिहीत, मग अंडी बादलीत जात. विज्ञान तिथं संपायचं.

२००३ साली, निवृत्तीच्या वर्षी, त्याने एक अंडं मागे ठेवलं, खिडकीवर सेलोटेप लावला आणि घरच्या खुडूक कोंबडीखाली सरकवलं. एक तरी पिल्लू बाहेर पडावं, एवढंच त्याला हवं होतं.

"इतकी वर्षं बादली भरलीत, आणि आता बारसं करताय?" त्याची बायको उल्का म्हणाली.

"ठोके पडतायत गो अजून."

सहाव्या दिवशी ठोके दिसेनासे झाले. या वयात हृदय छातीच्या आत जातं, प्रॅक्टिकलच्या सरांनीच सांगितलंय, असं त्याने उल्काला समजावलं. सर खरंच तसं सांगत.

एकविसावा दिवस गेला. कोंबडी उठून अंगणात चरायला लागली. पिल्लांनाही उशीर होऊ शकतो, म्हणून श्रीपतीने अंडं उशीजवळ फडक्यात गुंडाळून ठेवलं. पंचविसाव्या दिवशी खोलीत वास सुटला. उल्काने फडकं उचललं. त्याने तिला अडवलं नाही.