पाकिटातलं मत

"तुझं मत झालं."

मतदान केंद्रात एजंटांच्या बाकावर पाटलांचा पुतण्या पाय पसरून बसला होता. माझ्या लेकाच्या वयाचा. मी बोट पुढं केलं. शाई नव्हती.

"तुम्ही मेंढरं घेऊन गोदाकाठी गेल्ता. वाटलं, येत न्हाई. मंग मत वाया कशाला घालायचं?"

बाक हसला. अधिकारी खाली बघत राहिला.

गावात ही रीतच होती. उन्हाळ्यात आमची बिऱ्हाडं मेंढरांमागं बाहेर, आणि मागं कुणीतरी आमची मतं टाकून मोकळं. परतलो की सांगायचे, "तुमचंबी काम करून टाकलं." आम्ही बरं म्हणायचो. सासूच्या बोटाला जन्मात शाई लागली नाही.

या वेळी मी मेंढरं नवऱ्यावर सोडून, टेम्पोत उभी राहून आले होते. हलले नाही. रांग कुरकुरली. शेवटी अधिकाऱ्यानं ओळखपत्र पाहिलं आणि कागदी मतपत्रिका दिली. नावावर आधीच मत पडलेलं, म्हणून माझं मशीनमध्ये नाही, पाकिटात. मी शिक्का मारला. ताठ मानेनं बाहेर आले.

निकालानंतर कळलं, ती पाकिटं मोजतच नाहीत.

अंबडचं कोर्ट गाठलं. तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, "ताई, लोकसभेचा निकाल या कोर्टाच्या हातात नाही. हायकोर्टातच जावं लागतं, दीड महिन्याच्या आत. साध्या मतदारालाही जाता येतं."

"मंग जाते."

"फरक हजारोंचा आहे. एका पाकिटानं निकाल फिरत नसेल, तर ते उघडतील कशाला?"

म्हणजे खोटं मत मोजून झालं. खरं मत पाकिटात कुजणार.

"खोटं मत पडताना अडवायचं कुणी?"

"बाकावरच्या एजंटानं. त्यासाठीच तर बसवतात त्याला."

परतताना वडीगोद्रीच्या फाट्यावर पुतण्या भेटला. "काय, हायकोर्टात चालली का? मेंढरंबी ने संगं."

"न्हाई. तुझ्या बाकावर बसाया येणार हाय."

तो हसला. हसू दे. पुढच्या वेळी ज्या उमेदवाराला आमच्या गावात एजंट मिळणार नाही, त्याची एजंट मी होणार. मशीन सुरू व्हायच्या आधी तिथं बसलेली असणार. आमच्या बिऱ्हाडांतली एकेक बाई मी चेहऱ्यानं ओळखते. तिच्या नावावर दुसरं कुणी आलं, तर ते मत तिथंच अडवणार. तिचं खरं मत पाकिटापर्यंत जाऊच देणार नाही.