कॉम्प्युटरच्या पोटातल्या अक्षता

मी कॉम्प्युटरची पूजा केली, आणि पूजेनेच त्याला आजारी पाडलं. आमच्या ह्यांना हे आजवर माहीत नाही. पेपरातल्या राशिभविष्यापलीकडे ते काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

दसऱ्याला भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये सगळ्या मशिनींची पूजा असते. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, दारातला टेम्पो, झालंच तर वजनकाटा, सगळे धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखे उभे. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या रांगेत कॉम्प्युटर होता, आणि तो माझा होता. म्हणजे आणला होता ह्यांनी, पण त्याच्यापुढे बसायचे मी. तेव्हा त्याला काही कमी पडू द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. लेथला चिमूटभर अक्षता, तर माझ्या मशिनीला मूठभर. कॉम्प्युटरच्या डब्याच्या वरच्या अंगाला बारीक फटी होत्या. त्यातून दाणे सळसळत आत गेले, तेव्हा मला वाटलं, पूजा पावली.

अशी मी हुशार. आणि त्या वेळी स्वतःला कॉम्प्युटरवाली म्हणवत होते, बरं का. मुलं मोठी झाल्यावर एक कोर्स केला होता. तिथे बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं होतं, डब्यात काय असतं ते नव्हे. त्या कोर्सच्या जोरावर मी ह्यांच्या मागे लागले होते की शेडची बिलं मी करते. हे बरेच दिवस हं हं करत राहिले, आणि शेवटी म्हणाले, दिवाळीपर्यंत बसून बघ. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली आणि चाकं लावलेली एक खुर्ची. पण त्या खुर्चीत बसलं की कामगार दारातून विचारायचे, "वहिनी, आत येऊ का?" घरात मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. ती खुर्ची मला सोडायची नव्हती.

दसऱ्यानंतर शेड उघडली आणि मी बटण दाबलं. डबा आधी घोगरा खाकरला, मग खर्र खर्र करायला लागला. बिल निम्मं टाइप होतंय न होतंय तोवर बंद पडला. परत लावला, परत तेच. बाहेर चाकणला जायचा माल टेम्पोत चढलेला. तिकडच्या कंपनीच्या गेटवर छापील बिल दाखवल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत, आणि वेळेवर माल गेला नाही तर पुढची ऑर्डर दुसऱ्या शेडला. दुरुस्तीवाला सणाला गावी गेलेला. हे दारात येऊन उभे राहिले, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "शेजारच्या शेडची अकाउंटवाली मुलगी अर्धा दिवस येते म्हणते. उद्यापासून बोलावतो तिला. तुला कशाला त्रास?"

बाईला जागेवरून उठवायचं असलं की आधी तिच्या त्रासाची काळजी करतात, हे मला माहेरापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, टेम्पो थांबवा जरा. आणि दार लोटून घेतलं.

मला येत काहीच नव्हतं. पण आमच्या शेडमध्ये एखादं मशीन आवाज करायला लागलं की पेचकसाचं टोक त्याच्या अंगाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि बिघाड कुठे आहे ते ऐकतात. डॉक्टरच्या नळीसारखं. मी तेच केलं. डोळेसुद्धा मिटले, कारण ऐकणारे मिटतात. कॉम्प्युटरची छाती तपासणारी मी महाराष्ट्रातली पहिलीच बाई असेन. ऐकू काय आलं? खर्र खर्र. तेवढं तर पेचकसाशिवायही येत होतं.

मग वायर काढली, स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत हळदीकुंकवाचा सडा. झेंडूच्या दोन पाकळ्या. आणि छोट्या पंख्याच्या पात्यांत अडकलेले माझेच तांदूळ. क्षणभर मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग रंगकामाचा ब्रश आणला, दाणा न् दाणा वेचला आणि पदराच्या गाठीत बांधला. झाकण लावलं. एक स्क्रू उरला, तोही गाठीत. बटण दाबलं आणि पंखा असा मऊ फिरला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बिल छापलं, टेम्पो गेला.

काय झालं होतं, असं ह्यांनी विचारलं. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "कूलिंगचा प्रॉब्लेम होता." खोटं नव्हतंच ते.

त्यानंतर माझे पाय जमिनीला लागेनात. दुपारी मागच्या शेडमधला कॉम्प्युटर चालू होत नाही असं कानावर आलं, तर मी न बोलावता पेचकस घेऊन हजर. टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. चार माणसं श्वास रोखून उभी. म्हटलं, पंखाच आहे, झाकण उघडावं लागेल. तेवढ्यात त्यांच्या मालकांनी वाकून भिंतीतला निघालेला प्लग आत दाबला. कॉम्प्युटर सुरू झाला. मी डोळे जरा उशिराच उघडले.

संध्याकाळी जेवताना ह्यांनी सांगितलं, त्या मुलीला येऊ नको म्हणून निरोप दिला. मला आनंदाने घास गिळवेना, आणि गाठीतल्या तांदळांनीही. सासूबाई जुन्या भोसरीच्या, कुणालाही एका नजरेत ओळखणाऱ्या. मागं भांडी घासताना मी त्यांच्यापुढे सगळं ओकून टाकलं. चूक माझी, दुरुस्ती माझी आणि शाबासकीही मीच घेतली. म्हटलं, आत्याबाई, ह्यांना सांगून टाकू का? खुर्ची गेली तर गेली.

त्यांनी हातातलं पातेलं उपडं घातलं, ओटीवर रेडिओ ऐकत पडलेल्या आपल्या लेकाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "काय न्हाई सांगायचं. त्यानं पयलं मशीन आनलं, त्याच दिशी मोटर जाळून ठिवली व्हती. तवा त्याला कुनी म्हनलं व्हतं का, ऊठ, घरी बस?"