मॅडमची सायकल आणि खालाचे पैसे

माझं ऱ्हस्वदीर्घ चुकतं, आणि अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेलेली. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. हे मी माझ्यासाठीच लिहिते आहे, तरी कुणी वाचलंच तर त्याची आधीच माफी मागते. सायकल मात्र मला चांगली येत होती, ती बाब कुणी खोडून काढू नये.

साठ सालानंतरच्या या गोष्टी. आमचे हे रास अल खैम्याच्या बागांजवळ एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. मी घरी मशीनवर बागांतल्या बायकांचे कपडे शिवायची. खजुराच्या बागा लांबच लांब. एक गिऱ्हाईक जवळ, तर दुसरं पार डोंगराच्या पायथ्याशी. एक झगा पोचवायला सगळी सकाळ जायची.

साहेबाची मॅडम सायकलवर फिरायची. थंडीतला पाऊस पडून गेला की तिकडची रेती दबून बसते, वाट टणक होते, कडेला बारीक गवत उगवतं. त्या दिवसांत तिला आपलं गाव फार आठवायचं. एकदा मी स्वयंपाकघरात मदतीला गेले होते. ती बोलत होती आणि हे मला मराठीत सांगत होते.

"म्हणते, तिच्या गावी आता वाटेच्या दोन्ही अंगांना झुडपांची कुंपणं पांढऱ्या फुलांनी भरली असतील. शेतात मेंढ्यांची पिल्लं. सायकल घेऊन निघायचं आणि भिजून परत यायचं, म्हणते. पुढच्या महिन्यात कायमचे चाललेत ना दोघं."

"मग विचारा, सायकल विकणार का?"

हे ताट पुसता पुसता थांबले. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुला माणसांशी धड बोलता येत नाही, आणि सायकल चालवणार?"

"सायकलशी कुठे बोलायचंय?"

मॅडमने वाजवी किंमत सांगितली, पण तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. ते मला खालाने दिले. खाला म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एका बागेची म्हातारी अरब मालकीण. बाजारातलं हिंदी तिला छान यायचं. "खजूर उतरेपर्यंत फेड," ती म्हणाली, "नाहीतर सायकल माझ्या पुतण्याची."

मॅडमने बंगल्यामागच्या अंगणात सीट धरून मला शिकवलं. बायकांची सायकल, मधे दांडा नाही, साखळीवर झाकण. साडी खोचून घेतली की झालं. पुरुषांची वर्दळ टाळून मी बागांच्या मागच्या वाटेने जायची. तिथे लसूणघासाचे हिरवेगार वाफे होते. विहिरीवर बैल पाणी ओढायचे, त्याचा कुईकुई आवाज लांबून यायचा. माडावर चढावं तसे गडी खजुरावर चढून नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात खोचत असायचे. बोरीखाली पिकली बोरं पडलेली असायची. मी उतरून चार तोंडात टाकायची आणि पुन्हा पाय मारायची. कुठे मऊ रेती लागली की ढकलत न्यायची. दुपारच्या आत चार घरं होऊ लागली आणि शिलाई वाढली.

आमच्या रत्नागिरीकडे वडीलधाऱ्याच्या पुढ्यात उधारीच्या नोटा मोजणं म्हणजे त्याच्या तोंडावर हिशेब फेकणं. पैसे रुमालात बांधून खाण्याच्या डब्यात ठेवायचे आणि विषय काढायचा नाही. मी तसंच केलं. दर वेळी डब्यात तळाला रुमाल, त्यावर केळीचं पान, पानावर वाफवलेली सांदणं. खाला डबा कधी रिकामा परत करायची नाही. कधी बोरं, कधी कैऱ्या. पैसे पोचले, असं मी समजायची.

झाडावर खजूर पिवळा पडू लागला, तेव्हा एका सकाळी खाला म्हणाली, "वायद्याचं काय? पुतण्या सायकलचं विचारतोय."

एरवी मी मान खाली घालून घरी आले असते. त्या दिवशी सायकल स्टँडवर लावली आणि तिच्यासमोर बसले.

"खाला, मी दर वेळी दिलेत. सांदणांच्या खाली, रुमालात."

"ते?" खाला म्हणाली. "ते मी नातवंडांना वाटले. मला वाटलं, तुमच्यात पोरांना खाऊबरोबर पैसे द्यायची रीत आहे."

"आमच्यात उधारी अशी देतात."

"आमच्यात हातात देतात. आता पोरांना काय सांगू, ओकून काढा?" आणि ती एवढी हसली की तोंडावरचा बुरखा हलायला लागला. मलाही हसू आलं, पण मी जागची हलले नाही.

"मी दिलेत, खाला. ते धरावेच लागतील."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "निम्मे धरते. तू मुकी, मी आंधळी. दोघींनी निम्मं निम्मं सोसायचं."

"आणि मुदत?"

"मुदत तीच. यल्ला, शिवायला लाग."

मला ते रास्त वाटलं. उन्हाळा पेटला होता, म्हणून मी पहाटे निघायची आणि ऊन चढायच्या आत परतायची. नवी गिऱ्हाइकं मी दारात उभी राहून स्वतः विचारून मिळवली. खालाकडे गेले की आधी पैसे तिच्या हातात, मग डबा.

शेवटच्या दिवशी बागेत गडी दोरीने घड खाली सोडत होते. पुतण्या ओट्यावर बसला होता. मी त्याच्या देखत नोटा मोजल्या, मोठ्याने, एकेक करून. खालाने मुठीत घेतल्या.

"खलास," ती म्हणाली. सगळे पैसे फिटले.