सेमल्याला न उतरलेले पक्षी

माझा थोरला भाऊ श्रीनाथ चांदोरकर, घरातला बापू, गेल्या फेब्रुवारीत गेला. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्याच्यावर चार ओळी छापून आल्या. 'शांत, मनमिळाऊ पक्षीप्रेमी.' ज्याने कुणी हे लिहिलं, त्याने बापूला पक्षी मोजताना कधी पाहिलेलं नाही. मध्येच कुणी शिंकलं तरी तो असे डोळे वटारायचा की पुढची शिंक जागच्या जागी जिरायची. आणि 'पक्षीप्रेमी' म्हटलेलं त्याला मुळीच खपायचं नाही. "प्रेमबिम काही नाही," म्हणायचा, "मला फक्त ते झोपतात कुठे ते बघायचंय."

'ते' म्हणजे भोवत्या. घारीच्या जातकुळीतला, लांब पंखांचा शिकारी पक्षी. उन्हाळा कझाकस्तानकडे काढतो आणि दसऱ्याच्या सुमाराला आमच्या माळव्यात उतरतो. दिवसभर हरभऱ्याच्या शेतांवरून नाकतोडे टिपत एकेकटा हिंडतो, आणि संध्याकाळ झाली की सगळे एका ठिकाणी जमतात. झाडावर नाही, जमिनीवर, उंच गवतात. बापू टेलिफोन खात्यात लाइन इन्स्पेक्टर होता. तारा तपासत गावोगाव हिंडताना त्याला हे पक्षी दिसले आणि तेव्हापासून तो कामातून गेला. निदान आमच्या वहिनीचं मत तसं होतं. ती लवकर गेली. मी लग्न केलं नव्हतं, बँकेत होते. मग माधव नगरातल्या माझ्या घरी आम्ही दोघं भाऊबहीण राहू लागलो आणि मी त्याची कारकून झाले.

कारकून लागतोच. सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास पक्षी यायला लागतात, घिरट्या घालतात, बसतात, पुन्हा उठतात. दुर्बिणीतून नजर काढून वहीत लिहायला गेलं की मोजणी बोंबलली. म्हणून तो बोलायचा आणि मी लिहायची. "दोन माद्या, बसल्या. एक नर. थांब, उठला." तासभर हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी उडून गेले की त्यांनी रात्री ओकलेल्या गोळ्या गोळा करायच्या आणि घरी वर्तमानपत्रावर फोडून बघायच्या. आत नाकतोड्यांचे पाय, उंदरांचे दात. हे सगळं माझ्या जेवणाच्या टेबलावर. मी कितीदा तरी पोह्यांची बशी हातात घेऊन उभ्यानंच खाल्लंय.

दोन हजार चार साली त्याला पहिली मोठी जागा सापडली. त्यानं भाबडेपणानं गावाच्या नावासकट सगळं पक्षीगणनेच्या संस्थेला कळवलं. संस्थेनं ते जाहीर केलं आणि तीन आठवड्यांत जीपगाड्या आल्या. कॅमेरेवाले अंधार पडला तरी हलेनात, झोपलेल्या पक्ष्यांवर झोत टाकून फोटो काढायला लागले. महिन्याभरात तिथे एकही पक्षी उरला नाही. बापू चार दिवस धड जेवला नाही.

पुढच्या वर्षी त्याला बरखेडीची बीड सापडली. गवताच्या राखीव रानाला आमच्याकडे बीड म्हणतात. तिथे पहिल्याच संध्याकाळी एकशे बेचाळीस पक्षी उतरले. घरी आल्यावर तक्ता भरायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "जयू, नाव लिहिलं तर गेलंच समज हे पण. न लिहिलं तर आकडा फालतू."

मी म्हणाले, "मग दुसरं लिहू की. सेमल्या लिहू. तिथे पण बीड आहे, रोडवर आहे, ज्याला जायचं तो जाऊन बघेल आणि घरी जाईल."

"खोटं लिहायचं?"

"आकडा खराच आहे ना? फक्त गाव बदलायचं. कोण चेक करायला बसलंय, बापू!"

मी बँकेत होते. एका नावाचं दुसऱ्या नावावर लिहिणं म्हणजे काय, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी मी म्हणाले, आणि माझ्याच हातानं लिहिलं. बरखेडीत मोजायचं आणि सेमल्या लिहायचं, असे एकोणीस हिवाळे. दरवर्षी तो कुरकुरायचा, "पुढच्या साली खरं कळवून टाकू." दरवर्षी मी म्हणायची, "काय घाई आहे? पक्षी येऊन राहिलेत ना सुखानं?" आणि खरंच येत होते.

मग दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात बरखेडीच्या बिडीत खड्डे खणायची यंत्रं आली. सरकारी कागदावर ती जमीन पडीक होती. पावसाळ्यात तिथे वीस हजार झाडं लागणार होती. झाडं लावू नका, असं सांगायला जाणारा माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवसांत बघितलं. ज्याला सांगावं तो आधी हसायचा. "भाईसाहब, पेड़ से किसको तकलीफ़ है?" बापू घसा फोडून सांगायचा की हे पक्षी झाडात झोपत नाहीत, त्यांना मोकळं उंच गवतच लागतं. ऐकणारे माना डोलवायचे आणि चहा मागवायचे.

शेवटी वन खात्यातल्या एका साहेबांनी भेटायला बोलावलं. तरुण होते, सभ्य होते. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. बापूनं एकोणीस वर्षांचे आकडे टेबलावर ठेवले. साहेबांनी संगणकावर पक्षीगणनेची यादी उघडली आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"सर, ये आप ही का रेकॉर्ड है ना? इसमें तो हर साल सेमल्या लिखा है. बरखेडी में एक भी पक्षी नहीं." मग ते खूश होऊन म्हणाले, "सेमल्या की बीड तो हमने प्लांटेशन से बाहर रखवा दी, आप ही के आँकड़ों पर."

बापू हळूच म्हणाला, "गाँव का नाम गलत लिखा गया था."

"उन्नीस साल?"

"हाँ."

"सर, बुरा मत मानिए. तब गलत लिखा था और आज सही बोल रहे हैं, ये मैं फाइल में किस आधार पर लिखूँ? पक्षी दिखा सकते हैं?"

मे महिन्यात कुठले पक्षी दाखवणार? ते सगळे हजारो मैल दूर. साहेबांनी शेवटी विचारलं, "मगर गलत लिखा क्यों?" मी तोंड उघडायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं की साहेब, ही अक्कल माझी. माझी जीभ उचलली नाही. सत्तरीच्या बाईला एका पोरगेल्या साहेबासमोर लबाड ठरायची लाज वाटली, बाकी काही नाही. बापूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "मेरी गलती है." मग आम्ही रिक्षा करून घरी आलो. वाटेत तो एवढंच बोलला, "भाजी घ्यायची आहे का गं?"

जुलैत झाडं लागली. ऑक्टोबरात पक्षी आले. आम्ही नेहमीच्या जागी उभे होतो. सदतीस आले, खणलेल्या मातीवरून, रोपांच्या जाळ्यांवरून फिरत राहिले. बापू बोलायचा थांबला होता, नुसतं बघत होता. अंधार पडेपर्यंत एकही उतरला नाही. मग एकेक करून निघून गेले. कुठे, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ आले, तिसऱ्या दिवशी कुणीच नाही.

मग बापूनं सेमल्याला जायचं धरलं. म्हणायचा, तिथलं गवत शाबूत आहे, येतील, त्यांना कळेल. रोज दुपारी देवास गेटच्या स्टँडवरून बस, दीड किलोमीटर चाल, शहात्तराव्या वर्षी. मी सोबत जायची. रस्त्यावरून ट्रक भोंगे वाजवत जायचे, म्हणूनच तर पक्षी तिथे कधी उतरले नव्हते. हे त्याला माहीत नव्हतं होय? डिसेंबर गेला, जानेवारी गेला. थंडीनं त्याच्या छातीत कफ धरला. मी रागावले, रडले, दारासमोर आडवी उभी राहिले. "एकदा तरी खरंच सेमल्या लिहू दे, जयू," म्हणाला आणि बस धरायला निघाला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूमोनियानं तो दवाखान्यात गेला. तिथून परत आला नाही.

तेरावा झाल्यावर मी त्या साहेबांकडे गेले. मला काही मिळवायचं नव्हतं. जे मे महिन्यात बोलायला हवं होतं तेवढंच बोलायचं होतं. साहेब उठून उभे राहिले, बापू गेल्याचं ऐकून खरंच वाईट वाटलं त्यांना. मी सांगितलं, "वो नाम मैंने सुझाया था. भाई तो मना कर रहे थे."

ते गोंधळले. त्यांनी फाइल मागवली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. बापूचं अक्षर. आमच्या भेटीच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख. त्या दिवशी तो मला औषधं आणायला जातो म्हणाला होता. हिंदीत लिहिलं होतं: 'जगह का नाम मैंने जानबूझकर गलत लिखवाया. मेरी बहन जयश्री चांदोरकर केवल वही लिखती थी जो मैं बोलता था. उसे कुछ मालूम नहीं था. कार्रवाई करनी हो तो मुझ पर की जाए.'

म्हणजे आठ-नऊ महिने तो माझ्यासमोर बसून जेवत होता आणि एका शब्दानं बोलला नाही. आणि मी मनात म्हणत होते की बरं झालं, विषय निघत नाही. मला त्या खुर्चीत रडू कोसळलं. मी म्हटलं, "साहब, ये झूठ है. आप मेरा बयान लिख लीजिए."

साहेबांनी फाइल हळूच बंद केली. म्हणाले, "मैडम, सर तो अब रहे नहीं. जो वो लिख गए हैं, वही रहने दीजिए."